मांडवात वाजवणार कोण?

मालवीय नगर, जयपूर
नोव्हेंबर २००४

ती. उत्तमदादास,

विभाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढ्यावर भागवून घे). तुझी साखर कशी आहे? सकाळी फिरायला जातोस, की नुसतं जातो म्हणून सांगतोस? डबेवाल्या बाई भाजीत फार तेल घालतात म्हणत होतास, ते त्यांना सांगितलंस का? नसशीलच सांगितलं. तुझी सगळी सांगासांग जयंतीवहिनीच करायची. तिला जाऊन दोन वर्षं होत आली, पण अकोल्याला फोन लावला की अजून वाटतं, पलीकडून 'बोल गं विभे' येणार. मग तुझं 'हॅलो' येतं आणि क्षणभर तुझाच राग येतो. माफ कर बापा, पण येतो.

तुझ्या भाचीच्या, सावनीच्या लग्नाला येणार नाही, आहेर पाठवतो, असं तू फोनवर म्हणालास. आग्रह करणार नाही असं मी कबूल केलं आणि करतही नाहीये. हे पत्र निव्वळ इकडची हकीकत कळावी म्हणून. इकडे सध्या एकच काळजी आहे: मांडवात आणि पंगतीला वाजवायचं काय, कुणी, आणि तेही स्वस्तात. हॉल, आचारी आणि साड्या यांत तुझ्या मेव्हण्यांचं (राजनरावांचं) बजेट असं काही आटलं की संगीतासाठी जे उरलं त्यात फार तर एखाद्याने शिट्टी वाजवली असती.

आधी इथल्या एका बँडवाल्याला बोलावलं. प्रकाशजी नाव, भला माणूस. चहाचा कप हातात घेऊन त्याने पहिलाच प्रश्न टाकला, 'बारात रात को कितने बजे चढेगी?' मी म्हटलं, भैया, आमच्यात असं काही चढत नाही. नवरदेव आदल्या दिवशीच हॉलवर मुक्कामाला येतो, आणि लग्न सकाळी, लख्ख उन्हात. 'दिन में?' म्हणत त्याने कप खाली ठेवला (इथे लग्नं रात्रीची, दिवसा लोक नोकरीला जातात). मग राजनना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, 'साहब, लड़की के घरवाले राज़ी तो हैं ना?' घ्या! मुलीची आई समोर बसून त्याला चिवडा वाढते आहे आणि हा समजतोय आम्ही पोरगी पळवून आणली! कसंबसं पटवलं, तर नमुना म्हणून त्याच्या दोघा वादकांनी जिन्यात उभं राहून असं काही फुंकलं की शेजारच्या शेखावत भाभी ओवाळायचं ताट घेऊनच बाहेर आल्या. या आवाजात पंगतीला आग्रह कसा करायचा, सांग? आणि आग्रहाशिवाय जेवायचं तर ऑफिसचं कॅन्टीन काय वाईट आहे?

मग तिलक नगरकडच्या कुणीतरी एका म्हाताऱ्या सनईवाल्याचा पत्ता दिला. बुवा गोड वाजवतात, दर परवडणारा, आवाज बेताचा. मी म्हटलं, चला, जमलं! घरी येऊन वाजवून दाखवा. त्यांनी डोळे मिटून सुरू केलं आणि पहिल्या दोन-तीन सुरांतच मी रुमाल शोधायला लागले. सावनीने पदर (म्हणजे ओढणी) डोळ्यांना लावला. शेखावत भाभी तर हमसून हमसून रडायला लागल्या. नंतर कळलं, बुवांना इकडे बहुतेक विदाईलाच बोलावतात, म्हणून मुलगी सासरी निघतानाच्या धुना त्यांच्या हातात बसलेल्या. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. आमचे होणारे व्याही दिल्लीहून कामाला आले होते, सहज डोकावले. दार उघडलं तर आत सगळं घर रडतंय! बिचारे उंबऱ्यावरूनच म्हणाले, 'आमच्या प्रथमेशबद्दल काही कानावर आलंय का?' त्यांची समजूत काढता काढता दोनदा चहा झाला. बुवांनी जाताना विचारलं, भोजनाच्या वेळी काय वाजवू? मी म्हटलं, तेव्हाही हेच वाजवलंत तर जिलब्या उरतील हो सगळ्या.

शेवटी आमचे चिरंजीव पुढे सरसावले. गंधार म्हणाला, 'आई, मतलब, एवढं काय? मी फुकटात सीडी बनवतो.' जगतपुऱ्याला इंजिनिअरिंग शिकवल्याचा उपयोग होतोय म्हणून मलाही भरून आलं. सीडीवर ओळीने मंगलाष्टका, मग वाजंत्री, मग जेवतानाचं संगीत. रविवारी रंगीत तालीम ठेवली. अंतरपाट म्हणून चादर, नवरदेवाच्या जागी राजन, वऱ्हाडी म्हणून शेखावत कुटुंब. मराठी लग्न त्यांनी कधी पाहिलेलं नाही, म्हणून मी बजावलं होतं: 'सावधान' बोला कि चावल फेंकना. सीडी लागली. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याच्या शेवटी ती अडकली. सावधान, सावधान, सावधान, सावधान! आणि शेखावत मंडळी शब्दाची पक्की, दर सावधानला मूठभर फेकताहेत. गंधार बटणं दाबतोय, राजन डोळे मिटून चादरीमागे उभे, आणि भाभी ओरडताहेत, 'दीदी, चावल खतम, दाल चलेगी?' अजून सोफ्यातून तांदूळ निघताहेत.

रात्री झाडताना हसत होते, आणि हसता हसता एकदम आपल्या बहिणीचं, वीणाचं लग्न आठवलं. अकोल्याचा तो मांडव, एका पाटावर तू पेटी घेऊन बसलेला आणि शेजारी वहिनी मंगलाष्टका म्हणायला उभी. वीणाला आणायला मामा आत गेले ते येईचनात (त्यांचा सदऱ्याचा खिसा दाराच्या कडीत अडकला होता). दुसरं कुणी असतं तर गडबडलं असतं. वहिनीने तू दिलेला सूर पकडून त्या एका ओळीला अशी काही वळणं घेतली की मामा सुटून, वीणा येऊन, पाटावर उभी राहीपर्यंत कुणाला कळलंसुद्धा नाही. आणि पंगतीत? जिलबी आली की तू लय सावकाश करायचास, दुसरी पंगत ताटकळली की वाढवायचास, आणि मंडळी आपोआप भराभर भात कालवायची. माझ्या लग्नात तर तू जेवायलाच विसरलास. वहिनीने एका हाताने तुला घास भरवला आणि तू पेटी थांबवली नाहीस. सगळी पंगत हसत होती आणि तुम्हा दोघांना त्याचं काहीच नव्हतं. दादा, तसं सुख मी परत कुठल्याच लग्नात पाहिलं नाही रे.

ती गेल्यापासून तू पेटीचा भाता उघडलेला नाहीस हे मला ठाऊक आहे. तिच्या आवाजाशिवाय ती वाजवायची कशी, असं तू म्हणतोस. मी काय बोलणार त्यावर? पण सावनीने वहिनीच्या मांडीवर बसूनच ती पेटी ऐकली आहे. तिचं मराठी अडखळतं, पण परवा तिने विचारलं, 'मामा नहीं तो मला मांडवात कोण आणणार?' मी भाजी निवडत होते. निवडलेलीच जुडी पुन्हा निवडायला घेतली.

असो. प्रकृतीला जप, पेढे खाऊ नकोस (आहेराबरोबर पाठव, इथे खाणारे आहेत).

तुझी,
विभा

ता. क. वीणाच्या लग्नाची कॅसेट तुझ्या कपाटात असेल. वहिनीचा आवाज आहे तिच्यात. तेवढी पाठवलीस तर मांडवात लावू. मागणं एवढंच.

ता. क. २ : कॅसेट नको. आमचा टेपरेकॉर्डर भंगारात गेला हे विसरलेच होते. आणि खरं सांगायचं तर बँडवाल्याला, सनईवाल्या बुवांना नाही म्हणून कळवलंय, आणि सीडी मी स्वतः केरात टाकली. मंगलाष्टका मीच म्हणणार आहे. हो, मी. माझा आवाज तू लहानपणापासून सोसला आहेस, तेव्हा पेटीचा आधार नसेल तर व्याही मांडवातून उठतील हे तुला वेगळं सांगायला नको. आधी भाचीला आण, मग पेटीवर बस, तुझ्या जागी तिच्यामागे राजन उभे राहतील. सूर चुकला, मध्येच रडू आलं, तर येऊ दे. मीही रडणारच आहे.

ता. क. ३ : पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. पत्र घेऊन आलेला गंधार तुझ्यासमोर उभा आहे, त्याला आधी चहा दे. परतीची दोन तिकिटं त्याच्या खिशात आहेत. आणि त्याच्या काखेतली जाड गोधडी तुला पांघरायला आणलेली नाही. ती पेटीला गुंडाळायची आहे.