ब्राह्मीच्या चॅनलखाली माझे मार्गदर्शन

१८ जुलै, शुक्रवार

आज आले: भरतेशकडून बंगळूरहून मोबाईल, नवा कोरा, फुकट. वरची काच १५०. कव्हर १२० (शंभरला मागितले, दिले नाही). दुकानदाराने सगळे चालू करून दिल्याचे ५०. एकूण ३२०. मुलाने दिलेली फुकट वस्तूसुद्धा सांगलीत पोचेपर्यंत महाग पडते.

भरतेश म्हणाला, आई, एकटी असतेस, जरा करमेल. मला करमत नाही असे मी कुठे म्हटले? सकाळी बस्तीत जिनदर्शन, मग जप, मग हिशेब. हे गेल्यापासून दुपार जरा लांबते, इतकेच.

संध्याकाळी ब्राह्मीचे चॅनल सापडले. लेक रहिमतपूरला दिली आहे, तिथून स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते. नाव ‘ब्राह्मीची चूल’. चूल कुठे आहे? गॅस आहे. तसे खाली लिहिले. पहिले मार्गदर्शन.

२४ जुलै

भरल्या वांग्याला तेल अडीच पळ्या. एक पुरते. लिहिले. पदर नीट खोच, हेही लिहिले. बाकीच्या बायका नुसत्या ‘ताई छान, ताई मस्त’. छान म्हणून आजवर कोणाचे भले झाले आहे? कौतुक परक्यांनी करावे, सुधारणा आईने.

२ ऑगस्ट

आज बिनकांद्याचा अख्खा मसूर. सुरुवातीलाच हसून म्हणाली, ही माझ्या आईच्या हातची चव. माझे डोळे भरून आले. मग तिने मीठ घातलेले पाहिले आणि डोळे पुसले. लिहिले:

‘प्रमाण चुकले. हिचे गणित पहिल्यापासून कच्चे. दहावीला दोनदा नापास झाली होती. तरी सर्वांनी प्रमाण माझ्याकडून विचारून घ्यावे. गुणमाला पाटील (आई), सांगली. दहावी पास, पहिल्या झटक्यात.’

खरे तेच लिहिले.

४ ऑगस्ट

माझ्या लिहिण्याला चारशेच्या वर अंगठे! ब्राह्मीच्या भाजीलासुद्धा इतके नाहीत. लोक माझाच शब्द उचलून लिहीत आहेत. ‘नापास ताई, पाणी तरी मोजता येतं का?’ ‘नापास ताई, मसूर कितव्यांदा शिजला?’ एकाने तिच्या फोटोवर लाल पेनाने भोपळा काढला आहे. लोकांना विनोद कळतो.

शेजारच्या संयोगिताला दाखवले. हिचा नवरा मिलिटरीत, त्यामुळे तिला फोनमधले सगळे समजते. तिने तोंड एवढेसे केले. म्हणाली, आवं काकू, पोटच्या लेकीचं आसं चारचौघांत काढत्यात व्हय? मी म्हटले, चारचौघांत कुठे? फोनवर आहे.

९ ऑगस्ट

ब्राह्मीला फोन केला. जावयांनी उचलला. ती झोपली आहे म्हणाले. दुपारी चार वाजता! चार दिवस नीट जेवत नाही असेही म्हणाले. मी म्हटले, चातुर्मास आहे, एकाशन धरले असेल. अतिशयरावांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मुळात अबोल माणूस. मुलीने धर्म धरला याचे समाधान वाटले.

१६ ऑगस्ट

मार्गदर्शनाला फळ आले. नव्या व्हिडिओत ब्राह्मी दिसतच नाही. नुसते हात. बोलतही नाही, कृतीची अक्षरे येतात. फार बोलतेस, म्हणून मी लिहिलेच होते. हात बारीक वाटले. कॅमेऱ्यात तसे दिसत असतील.

‘नापास ताई’ वगैरेही सगळे गेले. तो शब्दच उमटत नाही म्हणे, आता चॅनलवाल्यांना तशी सोय असते. विनोद संपला, पण माझे चालू आहे. फोन हल्ली पाठवण्याआधी विचारतो, ‘पुन्हा एकदा वाचून पाहायचे का?’ बँकेतसुद्धा कोणी इतक्या अदबीने बोलत नाही. वाचून पाहिले. सगळे बरोबर होते. पाठवले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्व सुरू. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. बस्तीत प्रवचन झाले: शब्द बाणासारखा, सुटला की परत येत नाही. शेजारच्या अंबूबाईंनी हे ऐकणे फार गरजेचे होते, त्या डुलक्या घेत होत्या.

संकल्प: दहा दिवस ब्राह्मीच्या चॅनलखाली एक अक्षर लिहिणार नाही.

संध्याकाळ. व्हिडिओ आला. मागच्या खिडकीत अंधार! पर्वात दिवस मावळल्यावर कढई! संकल्प टीकेपुरता होता, मार्गदर्शनापुरता नव्हता. लिहिले.

हल्ली माझ्याशी कोणी वाद घालत नाही. अंगठाही नाही. म्हणजे सर्वांना पटलेले आहे. एखादे उत्तर आले तर बरे वाटेल. अर्थात उत्तरासाठी मी लिहीत नाही.

३ सप्टेंबर

पर्वाच्या शेवटच्या दिवशी ब्राह्मी दरवर्षी येते, मुक्काम करते. यंदा फोन लागेना, म्हणून व्हिडिओखाली लिहिले: ‘शनिवारी ये. एसटीने ये, गाडी भाड्याने करू नको. तुझी वाकळ उन्हात टाकली आहे.’

उत्तर नाही. आईला काय उत्तर द्यायचे? येईलच.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

दोन ताटे वाढली. सूर्य कलेपर्यंत वाट पाहिली. मग मी जेवले. दुसरे वाया जाऊ नये म्हणून संयोगिताकडे नेले.

तिला म्हटले, वार घालून बोलावले होते गं. तिने आपल्या फोनवर व्हिडिओ उघडला. खाली-वर केले. म्हणाली, काकू, तुमचं लिवल्यालं हितं कायच न्हाई वो. मी माझा फोन पुढे केला. माझ्यात सगळे होते. वाकळसुद्धा. दोन्ही फोन शेजारी ठेवून आम्ही पाहत बसलो.

मग तिने समजावले. एखाद्यापुरती अशी सोय लावता येते. त्याने लिहावे, त्याला ते दिसावे, बाकी कोणाला दिसू नये. मी म्हटले, पण ब्राह्मीला तर दिसत असेल? ती म्हणाली, तिनंच लावलंय काकू. त्यो मसूर झाला तवापास्नं आसंल.

एवढेच होते तर सरळ बंद का नाही केले मला, असे मी विचारले.

म्हणाली, तसं केलं की तुमाला कळलं आस्तं. लोकांत आईचा अपमान नगो म्हणून आसं केलं आसंल पोरीनं.

घरी आले. फोनमध्ये बिघाड असणार. दीडशेची काच, हलकी.

७ सप्टेंबर

दुपार लांबली. सगळे मार्गदर्शन पहिल्यापासून वाचून काढले. वाचणारी मी एकटीच होते म्हणतात, तर नीट वाचावे. तेलापर्यंत ठीक वाटले. मसुरापाशी थांबले.

तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा ब्राह्मीने पेढे आणले होते. मी भाव विचारला होता.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावली

सकाळी भरतेशने पाठवलेले फुलांचे चित्र सर्वांना धाडले: ‘मन, वचन, कायेने क्षमा असावी.’ अंबूबाईंनासुद्धा. ब्राह्मीला मात्र चित्र नको वाटले. तिच्या व्हिडिओखाली ‘उत्तम क्षमा’ लिहिले. लगेच दिसले. मला.

फोन केला. अतिशयरावांनी उचलला. म्हणाले, ती बोलेल हो आई, पण थोडे दिवस द्या. हल्ली फोन वाजला तरी तिच्या छातीत धडधडतं. म्हणजे आता मी वाजवायचाही नाही.

ह्यांच्या पेटीत जुनी पोस्टकार्डे सापडली. क्षमावलीला हे दरवर्षी गठ्ठा आणत आणि सगळ्या पाहुण्यांना लिहीत. पहिल्या कार्डावर क्षमेच्या खाली तेलाचे आले. फाडले. दुसऱ्यावर मिठाचे आले. तेही गेले. तिसरे असे:

‘चि. सौ. ब्राह्मीस आशीर्वाद. मन, वचन, कायेने आणि फोनने झालेल्या सगळ्याची क्षमा असावी. मसूर तुझ्या प्रमाणाने करून पाहिला. मीठ बरोबर होते. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला पुष्कळ लिहायचे आहे, पण कार्ड उघडे असते, वाटेत चारजण वाचतात, म्हणून इथे लिहीत नाही. वाकळ घडी केलेली नाही. हे तुला दिसले का, एवढेच उलट टपाली कळव.’