पडवळाला बांधलेली चावी

अल खर्ज, गुरुवार

माझ्या जागी आजपासून सौदी स्टोअरकीपर. माणूस भला आहे. आधी मला चहा दिला, मग हळूच विचारलं, "स्टोअरची दुसरी चावी?"

ती खोलीमागच्या वाफ्यात होती. पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात, मी हाताशी होती ती चावीच बांधली होती. एसीच्या पाण्यावर वाढलेलं ते पडवळ बघत बसलं की दिवसाचा शीण जायचा. इथल्या अठरा वर्षांत वाफा करायचं आधी का सुचलं नाही?

चावी सोडवून देऊन आलो. दगड बांधला नाही. सोमवारी माझी फायनल एक्झिट, कायमचा घरी; तोडायला कोण असणार?

हिला अजून काहीच सांगितलेलं नाही. फोनवर तिने आधी तेच विचारलं, "पडवळ सरळ वाढतंय ना हो?"

"एकदम सरळ," म्हटलं.