बायका मिळत नाहीत म्हणे

आई, या वर्षी अंधेरीत एक परिषद भरली आणि तिच्यात कुणी कुणी बोलायचं हे ठरवणाऱ्या पाच माणसांत मी एक होते. हे तुला सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, "जेवायला होतं का गं?" होतं, चांगलं होतं. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. मी घाटकोपरलाच राहते, आपली चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. नोकरी बदलली, चष्म्याचा नंबर वाढला, पण कामावरून आल्यावर लॅपटॉप उघडून जे करायचे ते अजून करते. तुला ते एकदा समजावून सांगितलं होतं. तू भाकरी थापत होतीस आणि मी ओट्याला टेकून बडबडत होते, की मराठीतली जोडाक्षरं पडद्यावर तुटू नयेत म्हणून आम्ही काही जण एक प्रोग्राम लिहितो. तो कुणीही फुकट घ्यावा, आत डोकावून बघावा, काही चुकलं असेल तर दुरुस्त करून सगळ्यांसाठी परत ठेवावा. तू विचारलंस, "आनि पगार?" म्हटलं, नाही. "मग मालक कोन?" म्हटलं, कुणी नाही, म्हणजे सगळेच. तू भाकरी तव्यावर उलटलीस आणि म्हणालीस, "म्हंजे माझा पुठ्ठा." मी हसले होते. पुढे कितीतरी हुशार माणसांनी मला या कामाचा अर्थ सांगितला, पण इतक्या थोडक्यात कुणालाच जमलं नाही.

मुलुंडच्या त्या औषधांच्या कारखान्यात तू गोळ्यांच्या पट्ट्या बांधणाऱ्या मशीनवर होतीस. मशीनचं पुस्तक इंग्रजीत, आणि तेही साहेबाच्या कपाटात. पट्टी वाकडी यायला लागली की सगळं थांबायचं, मेकॅनिकची वाट बघायची, आणि उशीर झाला म्हणून बोलणी खायची ती बायकांनी. तू महिनाभर मेकॅनिकच्या हातांकडे नुसतं बघत राहिलीस. मग एका खोक्याचा पुठ्ठा फाडलास, आधी काय बघायचं, मग काय सैल करायचं ते मोठ्या अक्षरांत लिहिलंस आणि मशीनशेजारी टांगलास. सुपरवायझर म्हणाला, "बाई, सगळंच लिहून ठेवलंत तर उद्या तुम्हाला विचारणार कोण?" तू म्हणालीस, "नका इचारू. मला रजा तरी घावंल." पुढे दुसऱ्या पाळीतल्या बायकांनी खाली आपापल्या ओळी लिहिल्या, आणि तुझं अक्षर कुठलं, त्यांचं कुठलं, हे तुलाही सांगता येईना.

तर ती परिषद. अशा खुल्या कामांवर जगणाऱ्या लोकांची होती. पहिल्या बैठकीत आयोजकांनी वक्त्यांची यादी पडद्यावर लावली. आयोजक माझ्याच वयाचे, सभ्य गृहस्थ, कुणाला टोचून बोलणारे नव्हेत. यादीत सगळे पुरुष. एक बाई होती, तिच्यापुढे 'सूत्रसंचालन' लिहिलेलं. मी म्हटलं, "हे असं कसं?" ते अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, खूप शोधलं हो. बायका मिळतच नाहीत. मिळाल्या तर येत नाहीत." मी विचारलं, "किती जणींना फोन केलात?" त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. बाकीच्यांनी चहाकडे. "फोन असं नाही... वेबसाईटवर आवाहन केलं होतं ना."

त्या आठवड्यात मी यादी करायला बसले. अवघड काही नव्हतंच. आमच्या कामात कोणती ओळ कुणी लिहिली, कुणाची चूक कुणी काढली, सगळं उघड्यावर असतं. वाचायला वेळ काढावा लागतो एवढंच. नागपूरची एक जण निघाली, जिच्या प्रोग्राममुळे अंध मुलांना मराठी पुस्तकं ऐकता येतात. जोगेश्वरीची एक पोरगी, दिवसा बँकेत असते आणि सुट्टीच्या दिवशी व्हीलचेअर कुठल्या फुटपाथवरून जाऊ शकते याचा नकाशा करते. तिच्या हाताखाली आता देशभरातले लोक काम करतात. अशा चौदा जणी झाल्या. नावापुढे 'महिला' असं मी कुठेही लिहिलं नाही, प्रत्येकीनं काय केलंय ते लिहिलं. आयोजकांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा खरंच फुलला. "झकास! आता असं करू, एक महिला विशेष चर्चासत्र ठेवू. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर. पाच-सहा जणींना बसवू, पाऊण तासात होऊन जाईल."

आणि आई, त्या एसी खोलीत मला आपल्या वस्तीतला जयंतीचा मंडप दिसला. मी बारा वर्षांची आहे. बायकांनी स्वागतगीत म्हणायचं, रांगोळी काढायची, आणि भाषण करायचं असेल तर दुपारी चार वाजता, 'महिलांचा कार्यक्रम' म्हणून. तू कमिटीसमोर उभी आहेस, कारखान्यातून थेट आलेली, अंगाला औषधांचा वास. "दुपारी चारला मंडपात कोन असतंय? कावळे?" अध्यक्ष समजावतायत, "ताई, संध्याकाळी पाहुणे आहेत." तू म्हणतेस, "मंग पाव्हन्यांसमोरच बोलते." पाच मिनिटं मिळतात. तुझ्या हातातल्या कागदाची फडफड माइकमधून सगळ्या वस्तीला ऐकू जातेय. समाजमंदिरातली अभ्यासिका संध्याकाळी सातनंतर फक्त मुलांसाठी का, एवढंच तू विचारतेस. पोरी काय दिवसा अभ्यास करतात का, दिवसा त्या पाणी भरतात. मी सतरंजीवर पुढेच बसलेय आणि डोकं गुडघ्यांत घातलंय. घरी आल्यावर तू भांडी घासता घासता मला झापलंस. "मान खाली का घातलीस?" मी म्हटलं, "सगळे बघत होते." तू म्हणालीस, "बघाय पायजेच की. त्यासाठीच हुभी राहिले." पुढल्याच महिन्यात अभ्यासिकेत मुलींसाठी दोन बाकं आली. माझी दहावी, बारावी त्याच बाकांवर झाली.

मी आयोजकांना म्हटलं, "जेवणानंतर नको. आणि चर्चासत्र तर नकोच. बायका असणं हा काही त्यांचा विषय नाही. त्यांनी आपापल्या कामावर बोलायचं. चौघींना प्रत्येकी सबंध चाळीस मिनिटं द्या, आणि त्यातलं एक भाषण पहिल्या दिवशी सकाळी, मोठ्या हॉलमध्ये."

"सकाळी मोठी माणसं आहेत, मॅडम."

"मग या लहान आहेत का?"

माझा आवाज चढला नव्हता. म्हटलं, ही यादी मी सगळ्यांना दिसेल अशी ठेवणार आहे, आणि आपण यातल्या कितीजणींना विचारलं तेही तिथेच लिहिणार आहे. आपण खुल्या कामाची परिषद भरवतोय, तेव्हा हेही खुलंच राहू दे. नसेल पटत तर माझं नाव समितीतून काढा. दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. चौघी घेतल्या, आणि त्यातल्या दहिसरच्या एकीला सकाळचं भाषणही दिलं. "पण सकाळच्या त्या बाई नक्की येतील ना? ऐनवेळी वाट लागायची." मी म्हटलं, नक्की.

त्या बाईंना मी अजून विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहिसरला गेले. नदीच्या अलीकडे, जुन्या बैठ्या चाळीत राहते ती. आम्ही आठ वर्षं एकमेकींना संदेशातूनच ओळखत होतो. एका जागेवरून दुसरीकडे फायली नेताना त्यात बिघाड झाला नाही ना, हे तपासणारा एक छोटा प्रोग्राम ती एकटी सांभाळते. छोटा म्हणजे, तो बंद पडला तर बँका, हॉस्पिटलं, सगळे तिच्या दारात येतील. पण दार कुणाला ठाऊक नाही, कारण नावाच्या जागी ती फक्त दोन अक्षरं लिहिते. तिनं कुळथाची पिठी आणि भात वाढला. सासूबाई पलंगावर पडून होत्या. मी विषय काढला तशी ती म्हणाली, "ए, काहीतरीच काय! बोलणारे वेगळे असतात गं. मी नुसती सांभाळते."

"तेच सांग. सांभाळते म्हणजे रोज काय करतेस."

"इंग्रजीत?"

"तुला येईल तसं."

"आणि फसले तर?"

"फसलीस तर फसलीस. पुरुष काय फसत नाहीत? तासतास बसून ऐकलेत मी."

ती हसली, पण हो म्हणेना. पलंगाकडे बघून म्हणाली, "यांचं कोण बघणार दिवसभर?" तिकडून आवाज आला, "तू जा गो. माजा मी बघतंय." मग तिनं ताटातला भात संपवला. शेवटी म्हणाली, "बरं. पण पहिल्या रांगेत तू बसायचंस." निघताना दारात तिनं विचारलं, "यादी बघितली मी. तुझं नाव कुठंय?" मी म्हटलं, मी आयोजनात आहे ना.

परिषदेच्या सकाळी हॉल भरला होता. पहिली पाच मिनिटं ती इतकी हळू बोलली की मागून दोनदा ओरडा झाला. मग तिनं कागद बाजूला ठेवला आणि एका रात्रीत जगभरातून आलेल्या तक्रारी कशा निस्तरल्या ते सांगायला लागली. इंग्रजी, मराठी, हिंदी, जे तोंडाला येईल त्यात. लोक पुढे सरकून ऐकायला लागले. प्रश्नोत्तरांत एक पिकल्या मिशांचा माणूस उठला आणि आपलं नाव सांगून म्हणाला, "सहा वर्षं मी तुमच्याशी बोलतोय. प्रत्येक मेसेजमध्ये 'भाई' लिहिलंय. माफ करा, मला माहीतच नव्हतं." ती म्हणाली, "चालेल हो. पण कोड पाठवण्याआधी एकदा तपासून पाठवत जा." तेव्हा जो हशा झाला, त्यात आयोजकही होते. संध्याकाळी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "ती यादी पाठवाल का? पुण्याचे मागतायत. त्यांनाही म्हणे बायका मिळत नाहीत." मी म्हटलं, पाठवायला कशाला हवी, ती उघडीच आहे. आता तिच्यात बावीस नावं झालीत.

एक मात्र तुला सांगायचं राहिलंय, म्हणून तर हे लिहायला घेतलं. मला स्टेजवर बोलायला आवडत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. तू जायच्या आदल्या वर्षी मी एका परिषदेला अर्ज केला होता. महिनाभर तयारी केली, आरशासमोर बोलून बघितलं. उत्तर आलं दोन ओळींचं, विषय पुरेसा मोठा नाही म्हणून. त्या दिवशी मी जेवले नाही. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, ॲसिडिटी. तू ओव्याचं पाणी करून दिलंस आणि मी ते मुकाट प्याले. त्यानंतर अर्ज म्हणून कधी केला नाही. दुसऱ्यांची नावं पुढे करत राहिले, आणि त्यालाच काम समजले.

आज सकाळी केलाय. बंगळुरूला. विषय तोच, आपली जोडाक्षरं. तिथे निवडणाऱ्यांत मला ओळखणारं कुणी नाही. नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करीन, त्याच्या पुढच्याही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, लॅपटॉपमध्येच राहील. पण लिहून ठेवते. तेव्हा ॲसिडिटी नव्हती, आई.