रेश्माचा रेणू

४ नोव्हेंबर
आलो एकदाचा महाडजवळच्या नाते गावाला! विद्यापीठाचं हे संशोधन केंद्र म्हणजे दोनच खोल्या, पण काय खोल्या! पूर्वेला भलीमोठी खिडकी, समोर डोंगर, फाटकाशी चहाची टपरी. ठाण्याच्या कोंदट लॅबपुढे हा स्वर्गच. मदतनीस सहदेवकाका गावातलेच. आल्या आल्या त्यांनी डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे केली.

६ नोव्हेंबर
काम असं. इथे एक रेणू तयार झालाय, अगदी स्विचसारखा. उजेड पडला की तो कंबरेत वाकतो आणि पिवळं द्रावण लालबुंद होतं. अंधारात ठेवलं की रेणू सरळ, द्रावण परत पिवळं. हजार वेळा करा, थकत नाही.

तो बनवला रेश्मा उतेकरने. पोलादपूरकडच्या एका वाडीतली मुलगी. साडेतीन वर्षं इथे राबली आणि जूनमध्ये घाटात दुचाकी घसरून गेली. शोधनिबंध लिहायचा राहिला. तो आता मी लिहिणार, एकट्याच्या नावाने. लोक म्हणतील, आयत्या बिळावर नागोबा. म्हणोत बापडे. मेलेल्या माणसाला नोकरी लागत नाही, मला लागेल.

९ नोव्हेंबर
रेश्माची आई आली होती, आवडीबाई. दोन एसट्या बदलून. काही मागेल म्हणून मी तयारीत होतो. बाईने एवढंच म्हटलं, “माज्या पोरीचं नाव कुटं लिवलंय, तेवढं दावा.” रेश्माची प्रयोगांची वही माझ्या टेबलावरच होती. मी वहीवर वर्तमानपत्र सरकवलं आणि सांगितलं, तुमच्या मुलीच्या हातून इथे काहीच झालं नाही. बाई ओरडली नाही. गावदेवीला गाऱ्हाणं घालते म्हणाली, आणि निघेपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहिली. सहदेवकाका काम टाकून तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. यांचं काय जातं?

संध्याकाळी वहीचं पहिलं पान, तिच्या नावाचं, फाडून टाकलं. त्या झटापटीत द्रावणाची बाटली कलंडली. उजवा हात पिवळा झालाय, साबणाने जात नाही.

१० नोव्हेंबर
सकाळी खिडकीत बसलो तर हात लाल! हसूच आलं. मग करंगळी वाकली. मग तिच्या शेजारचं बोट. पडदा ओढला तेव्हा सुटली.

रेणू बोट वाकवू शकत नाही. रसायनशास्त्र शिकलोय मी. मुद्दाम लिहून ठेवतो.

१३ नोव्हेंबर
पाचही बोटं, मनगटसुद्धा. महाडचे डॉक्टर म्हणाले, ताण आहे. सरळ व्हायला आता दोन तास अंधार लागतो. डावा हातही पिवळा पडलाय, आणि त्याला द्रावण लागलंच नव्हतं.

सहदेवकाका म्हणाले, “नाव लिवा सर. ती सोडनारी नाय.” त्यांना हाकलून दिलं. भीती वाटते, आणि भीतीचाच राग येतो.

१५ नोव्हेंबर
एक गोष्ट सापडली. उजेडात पेन धरून माझं नाव लिहिलं की हात आखडतो. रेश्मा उतेकर लिहिलं की बोटं मोकळी. चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा तेच.

म्हणजे निबंधावर तिचं नाव घातलं की सुटका. नाही घालणार! मीही वर्षानुवर्षं झिजलोय. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं आणि संपादकांना पाठवून दिलं. एकच नाव, माझं.

१६ नोव्हेंबर
मान. उजेडात हनुवटी छातीला टेकते. खिडकीला काळा कागद चिकटवला. अंधारात लिहितोय, ओळी एकमेकींवर चढतात — पाठीत कुणीतरी गुडघा देऊन वाकवतंय — मागे कुणी नाही.

१७
गळा लाल झालाय. श्वास अर्धाच येतो.
रेश्मा उतेकर रेश्मा उतेकर रेश्मा उतेकर. सुटत नाही आता. उशीर केला मी.
चुकलो. संपादकांना फोन लावला, आवाज फुटत नाही. इथेच लिहितो, काका ही वही आवडीबाईंना द्या —

खिडकीशी कुणीतरी आहे. कागद सोलतंय, सावकाश, एका कडेने. काका नव्हेत. बोटं पिवळी —

उजेड

लिहितो गं, लिहितो — हा रेणू माझा नाही, हा बनवला रे