उभ्या लॉरीचा आजार

॥ श्री ॥

नागपूर, ता. ५ जुलै १९४३

चि. शालीकराम यास ईश्वरदासचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझे नाव ईश्वरदास टेंभरे, बी. कॉम., वय एक्कावन्न, हुद्दा सहकारी पेढ्यांचा तपासनीस, नाते तुझा थोरला भाऊ. माझी पत्रे कचेरीच्या नोटिशीसारखी असतात असे तू सर्वांना सांगतोस, म्हणून या वेळी नोटिशीचा नमुना पुरता पाळला आहे. हेतूही स्पष्ट सांगतो. तू पुन्हा मोहाची दारू पिऊ लागलास काय, हे मला जाणून घ्यायचे आहे.

तुझी लॉरी ज्यांच्या गिरणीला धान पोचवते त्या गोंदियाच्या गुलाबचंदजींचे पत्र आले. ते लिहितात की २८ जूनला मालधक्क्यावर तू केबिनमधून उतरलास तो तोंड लालबुंद, पाय लटपटते, आणि दोन पावलांत पोत्यांवर आडवा झालास. त्याच आठवड्यात सौ. सुमित्राबाई सालेकशाला माहेरी गेल्या. तू पुन्हा प्यालास तर मी या घरात राहणार नाही, असे त्यांनी पाच वर्षांपूर्वी तुळशीसमोर बजावले होते आणि तू तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली होतीस. त्यांनी आपला शब्द पाळला. तू पाळलास काय?

दुसरी गोष्ट निराळी आहे, ती पहिलीत मिसळू नकोस. पेट्रोल मिळेना म्हणून लॉरीवर कोळशाच्या गॅसचे यंत्र बसवले, ते कसे चालते? कोळसा कोणत्या लाकडाचा? आणि तुझा स्वभाव पाहता तू ते होते तसे ठेवले असशील यावर माझा विश्वास नाही. काय काय बदललेस ते सविस्तर कळव. मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, उत्तर मात्र खरे असावे.

तुझा, ईश्वरदास

---

देवरी, ता. ९ जुलै १९४३

ती. दादांचे चरणी शालीकरामचा शि. सा. नमस्कार.

नोटीस पोचली. थेंब नाही घेतला, दादा. तुळशीची आण पुन्हा खातो. पण खाऊन फायदा काय, आधीची आण कोणी मानून नाही राहिलं. मालधक्क्याच्या मागंच दारूच्या भट्टीचं दुकान आहे, अन् माह्या तोंडाचा रंग तसा. मग गुलाबचंदजीचं काय चुकलं? हमाल तं मले पाहून गाणं म्हणून राहिले.

खरं सांगतो, डोस्कं फुटते. आधी कपाळ आवळल्यासारखं, मग मळमळ, मग पाय आपले नसल्यासारखे. वैद्याने पित्त सांगितलं. सुमित्राने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पेटी भरली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं.

आता गाडीचं. ते विचारलं तं मले बरं वाटलं, ते कोणी विचारतच नाही. कोळसा धावड्याचा पायजे. सागाचा फुसका. सकाळी भट्टी पेटवून पंधरा मिनिटं हाताचा पंखा फिरवला का इंजिन गुरगुरते. पेट्रोलवाला जोर नाही, चढावर सवाऱ्या उतरून चालतात अन् मले शिव्या देतात. यंत्राचं पिंप, ज्यात ही भट्टी जळते ते, मागं टोकाला होतं, ते म्या पुढं आणून केबिनच्या पाठीशी बसवलं. मागं आठ पोते जास्त मावतात, अन् कोळसा टाकाले सोपं. पावसासाठी केबिन चारी बाजूनं टिनाने बंद केली, दाराले झडपा लावल्या. आत बसलं का घरात बसल्यासारखं. गोंदियात अशी केबिन दुसऱ्याची नाही.

एक गंमत सांगतो. चालवताना मी ठणठणीत असतो. काऊन, ते देव जाणे. वहिनींस नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा, शालीकराम

---

नागपूर, ता. १३ जुलै १९४३

चि. शालीकराम यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तू गंमत म्हणून शेवटी लिहिलेस. दारूचा अंमल गाडी चालते की उभी आहे हे पाहून चढत नाही, पित्तही तसे पाहत नाही. मी तुला निर्दोष ठरवलेले नाही. दोषी ठरवण्याचे मात्र थांबवले आहे.

जितक्या वेळा डोके दुखले तितक्या वेळा तारीख काय, तू कोठे बसला होतास, इंजिन चालू होते की बंद, भट्टीत विस्तव होता की नाही, पाऊस होता की नाही, हे आठवून लिही. आठवत नसेल तेथे ‘आठवत नाही’ असे लिही, अंदाज नको. शिवाय यंत्राची इंग्रजी पुस्तिका मी तुला मराठीत उतरवून दिली, तीत पिंपाच्या झाकणाखाली न जळणारी दोरी घालावी असे आहे. ती आहे काय?

तुझा, ईश्वरदास

---

देवरी, ता. १६ जुलै १९४३

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

चार वेळा झालं. १९ जून, २४ जून, २८ जून अन् ७ जुलै. चारही वेळा मालधक्क्यावर, नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये बसून होतो. चारही वेळा पाऊस. झडपा बंद. इंजिन बंद, विस्तव चालू, कारण विझवला तं पुन्हा पंखा कोण फिरवणार? १ जुलैले कोरडं होतं, बाहेर पोत्यावर बसून बिडी ओढली, काही नाही झालं. आणखी काय पायजे? तुमाले तपशील पायजे, मले बायको पायजे.

दोरी फाल्गुनातच जळाली. लढाईमुळे बाजारात नाही. झाकणाचं काम घरचं आहे, सुमित्रा करत होती, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. ती गेल्यापासून मीच करतो. अगदीच पायजे तं तिलेच विचारा, पण ती तुमच्याशी कायले बोलते?

शालीकराम

---

सालेकसा, ता. २१ जुलै १९४३

तीर्थरूप भाऊजींचे चरणी सुमित्राचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र बाबांच्या हाती पडलं. ते वाचून दाखवाले मास्तरला बोलावून राहिले होते, मीच घेतलं. मले चौथीपर्यंत येते. लग्नाला अठरा वर्षं झाली, भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडायची आपल्यात रीत नाही म्हणून तुम्हाले माझा आवाज माहीत नाही. कागदाला पदर लागत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही झाकणाचं विचारलं. दोरी जळाली तवा म्या म्हटलं, धान साठवायच्या ढोलीचं तोंड आपण लिंपतो तसंच लिंपू. माती, शेण, धानाचा कोंडा. रोज पहाटे मी लिंपायची. ओलं असते तोवर चांगलं बसते. पण ढोली थंड असते, अन् हे पिंप तापते. गोंदियाहून गाडी आली का लिंपण वाळून तडकलेलं दिसे, नखाएवढ्या भेगा. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंपायची. यात काही वाईट असेल असं कोणाले वाटलं नाही. ढोलीच्या भेगेतून फार तं उंदीर जाते.

अजून एक. ज्या दिवशी पेटी भरली त्या दिवशी ते निजले तवा म्या त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. मोहाचा वास नव्हता. तरी मी निघाले. दारू नाही तं मग दुसरं काय, ते मनाला कळेना, अन् सारं गाव हसून राहिलं होतं. वास नव्हता हे मी कोणाले सांगितलं नाही. ते आज तुम्हाले सांगते, कारण तुम्ही मले ‘त्यांनी प्यायली का’ असं नाही, ‘झाकणाले काय लावता’ असं विचारलं.

जास्त लिहिलं असेल तं लहान समजून सोडा. माया असू द्यावी.

सुमित्रा

---

गोंदिया, २९ जुलैचे पत्र

सौ. सुमित्राबाई यांस ईश्वरदासचे अनेक आशीर्वाद व, रीत मोडून, नमस्कार. वि. वि.

आपले पत्र मिळताच रजा घेऊन मी येथे आलो. चालू इंजिन गॅस आत ओढून घेते. ते बंद झाले आणि विस्तव राहिला, तर गॅसला जाण्यास वाट नसते. तो आपण सांगितलेल्या भेगांतून निघतो आणि बंद केबिनमध्ये साठतो. तो विषारी, पण त्याला ना रंग ना वास. असे माझे अनुमान होते. अनुमान म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून काल दुपारी पावसात मालधक्क्यावर, झडपा लावून, घड्याळ व वही घेऊन मी स्वतः केबिनमध्ये बसलो. शालीकराम बाहेर दारावर हात ठेवून उभा होता. त्याने पुष्कळ विनवले, मी ऐकले नाही.

दहा मिनिटे काही नाही. अठराव्या मिनिटाला कपाळ आवळले, तसे मी लिहिले. बाविसाव्या मिनिटाची नोंद मला आज वाचता येत नाही. त्यापुढे वही कोरी आहे. शालीकरामने मला ओढून काढले तेव्हा मी भर मालधक्क्यावर चिखलात बसलो. नंदलाल नावाच्या हमालाने आरोळी दिली की छोट्याची लत आता बड्याला लागली, आणि सगळा धक्का हसला. गुलाबचंदजी छत्री टाकून धावत आले. त्यांनी सर्वांसमोर माझ्या तोंडाचा वास घेतला, मग शालीकरामच्या तोंडाचा. दारूचा वास दोघांच्याही तोंडाला नव्हता. संध्याकाळी त्यांनी हमालांना गोळा करून स्वतः सांगितले की या माणसाला आपण दीड महिना विनाकारण बदनाम केले.

आता माझा भाग. मूळ पुस्तिकेत एक वाक्य आहे: विस्तव असताना उभ्या गाडीच्या बंद जागेत कोणी बसू नये. भाषांतर करताना ते मला अनावश्यक वाटले. उभ्या लॉरीत कोण कशाला बसेल, असे म्हणून मी ते गाळले. माझ्या भावाला चार वेळा मृत्यूच्या दारापर्यंत नेणारी चूक आपल्या लिंपणाची नाही, माझ्या लेखणीची आहे. आणि त्याच भावाला मी पहिल्याच पत्रात दारुडा समजून प्रश्न विचारले. त्याच्यापाशी मी काल क्षमा मागितली. तो म्हणाला, दादा, तुमाले चिखलात बसलेलं पाहिलं, फिटलं सारं. आपल्यापाशी मागतो ती या पत्राने.

पिंप आज पुन्हा मागच्या टोकाला गेले, आठ पोती कमी झाली. केबिनचा टिन दोन्ही बाजूंनी कापला. शालीकरामच्या डोळ्यांत पाणी होते, पण कापला त्यानेच. नंबर लागेपर्यंत तो आता बाहेर बसेल, पाऊस असला तरी.

सोमवारी लॉरी सालेकशाला येईल. त्याने निरोप पाठवलेला नाही, कारण त्याला शब्द सुचत नाहीत. मी येईन आणि गाडीपाशी उभा राहीन. आपण यावे असा माझा हुकूम नाही, तो अधिकारही मला उरलेला नाही. फक्त एक विनंती आहे. यायचे असो वा नसो, उत्तर आपण मला आपल्या तोंडाने सांगावे. अठरा वर्षे पुष्कळ झाली.

लोभ ठेवावा, आपल्याला जमेल तितकाच.

ईश्वरदास टेंभरे
गोंदिया
ता. २९ जुलै १९४३