सोंगट्या थांबल्याच नाहीत

४ नोव्हेंबर १९७१, हाँगकाँग

रेकॉर्ड कंपनीचे मालक सिटसाहेब, त्यांनी पुन्हा इंग्रजी गाण्यांचा गठ्ठा समोर टाकला. तिसरी रेकॉर्ड! मला त्यातलं निम्मं कळत नाही— चिनी अक्षरांत उच्चार लिहून घेते आणि पोपटासारखी म्हणते. "डॉली, लोकांना हेच हवंय." डॉली म्हणे! आईनं ठेवलेलं याउ-मेई हे नाव कंपनीत कुणाला ठाऊकही नसेल.

मी माझं गाणं पुढे केलं. आई घरी बसून कारखान्यासाठी प्लास्टिकची फुलं जोडते, त्याचं. आपल्या कँटनीजमध्ये. साहेब हसले. "या भाषेत मासे विकतात, बाई. रेकॉर्डी नाही!"

डोकंच फिरलं.

६ नोव्हेंबर

आईला म्हणून दाखवलं. "माझ्या फुलांवर कसलं गाणं? काहीतरीच तुझं!" आणि पाकळ्या जोडत राहिली. हीसुद्धा!

९ नोव्हेंबर

साहेबांशी पैज लागली. शनिवारी साहेबांच्या मुलाच्या लग्नाची मेजवानी. तिथं माझं गाणं गायचं. एक टेबल जरी माहजाँगच्या सोंगट्यांचा डाव थांबवून ऐकू लागलं, तर साहेब त्या गाण्याची रेकॉर्ड काढणार. नाहीतर तीन वर्षं फक्त इंग्रजी— चारचौघांत कँटनीजचा एक शब्द गायचा नाही, असा करार. मी "चालेल" म्हणून बसले. जीभ कापायला हवी माझी!

१३ नोव्हेंबर

पत्रिकेत वेळ सहाची, जेवण नऊला— नेहमीचंच. तोवर वीस टेबलांवर माहजाँग. जीव तोडून गायले. सोंगट्यांची खडखड, खडखड! एकानंही मान वर केली नाही. साहेबांची आई तर माझ्या अगदी समोर. मी आईच्या सोललेल्या बोटांबद्दल गातेय आणि म्हातारी ओरडतेय, "पुंग!" हवी ती सोंगटी मिळाली ना तिला! टाळ्या पडल्या त्या नवरा-नवरी आले तेव्हा. भाजलेलं डुक्कर आलं तेव्हा त्याहून जास्त.

१४ नोव्हेंबर

दिवसभर आईबरोबर पाकळ्या जोडत बसले.

१५ नोव्हेंबर

करारावर सही केली. साहेबांनी चहा पाजला. "वाईट वाटून घेऊ नकोस, डॉली." कप फेकून मारावासा वाटला. मुकाट्यानं प्यायले.

१९ नोव्हेंबर

नव्या इंग्रजी गाण्यांचे कागद आणायला साहेबांच्या घरी गेले. आतल्या खोलीत त्यांची आई आणि तिघी मैत्रिणी माहजाँग खेळत होत्या— आणि गुणगुणत होत्या. माझं गाणं! चौघी!

"लग्नात तर मान वर केली नाहीत!"

"खेळात हात गुंततात गं पोरी, कान मोकळेच असतात की," म्हातारी म्हणाली, सोंगट्यांवरची नजर न काढता. "दुसरं कडवं नीट आठवत नाही. म्हण बरं."

साहेब दारात उभे. करार गेला चुलीत!

दुसरं कडवं म्हटलं. सोंगट्या थांबल्या नाहीत.