तिशीच्या वर गेलेलं पाणी

अप्पा, आज एका दुकानात काचेमागं तांबडे झिंगे दिसले, तुमच्याकडं होते तसलेच, आणि घरी येऊन मी हे लिहायला बसले. पाणी थंड ठेवणारं एक यंत्र टाकीला लावलेलं होतं. झिंगे शेवाळावर पायांनी काहीबाही टिपत निवांत फिरत होते. दुकानदाराला मी काही विचारलं नाही. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचं, तिशीच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि गरम असो की गार, एकदम बदलायचं नाही, हे मला तुमच्यामुळं झोपेतही सांगता येतं.

हुमनाबादचा तुमचा कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीची माणसं पुण्याला, हैदराबादला गेली. तुम्ही गेला नाहीत. हायवेकडच्या आपल्या पुढच्या खोलीत काचेच्या टाक्या मांडल्यात आणि मासे विकायला बसलात. धाबेवाले न्यायचे, नवीन घर बांधलेले लोक न्यायचे. झिंगे मात्र तुम्ही स्वतः हैदराबादहून आणलेत, थर्माकोलचं खोकं बसमध्ये मांडीवर धरून. अव्वानं डोकावून पाहिलं आणि बायकोच्या हक्कानं म्हणाली, "अवो, हे किडे कोण घेणार?" तुम्ही हसलात. "मासे मी दुसऱ्याचे आणून विकतो. हे आपल्या घरात वाढतील. बघच तू." मग झिंग्यांची पिशवी तशीच बांधलेली टाकीत तरंगत ठेवलीत, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. मी कौतुकानं पिशवीला हात लावला तर ओरडलात, "हात काढ! तुझ्या हाताची ऊबसुद्धा नको." त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हेच समजावत होतात. पाणी फार गार झालं तर ते जगतात पण वाढत नाहीत, फार तापलं तर पाण्यातली हवाच कमी होते आणि ते गुदमरतात. लोक मान हलवायचे आणि मासे घेऊन जायचे.

आणि मग तो मे महिना. मला तो अजूनही समोर दिसतो. वरचा पत्रा तापलाय, सकाळपासून करंट नाही, हवेचं मशीन बंद पडलंय. पोटाखाली अंडी धरलेल्या माद्या टाकीच्या वरच्या काठाला येऊन चिकटल्यात. तुम्ही टाक्यांवर ओली पोती टाकलीत, अव्वा सुपानं वारा घालतेय, मी पुठ्ठ्यानं. काचेवरच्या थर्मामीटरचा पारा तिशीच्या वर गेलाय आणि खाली यायचं नाव घेत नाही. एक झिंगा आडवा होऊन तळाशी गेला, मग दुसरा. तुम्ही एकदम उठून बाहेर गेलात आणि रसाच्या गाड्यावरून बर्फाची लादी फडक्यात बांधून आणलीत. अव्वानं तुमचा हात धरला. "एकदम गार करू नका म्हणून तुम्हीच लोकास्नी सांगता की."

"मग काय करू? बसून बघू?"

तुम्ही बर्फ सोडलात. पारा भराभर उतरला आणि थोडा वेळ तुमचा चेहरा उजळला. तो चेहरा मला विसरता येत नाही. संध्याकाळपर्यंत टाकी मरून दुधी पडलेल्या झिंग्यांनी भरली होती. तुम्ही एकेक जाळीनं काढत होतात आणि आम्ही दोघी नुसत्या उभ्या होतो.

मृगाच्या आधी तुम्ही टाक्या विकल्यात आणि पुण्याला एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून गेलात. जे दोन-चार जीव उरले होते ते मी छोट्या टाकीत घालून स्वयंपाकघराच्या गार कोपऱ्यात ठेवले. पावसाळ्यात हवा बदलली, पाण्याचा पारा आपोआप उतरला. एकदा सकाळी काचेवर बारीक कचरा दिसला. पुसायला गेले तर कचरा वळला आणि पोहत गेला. पिल्लं होती अप्पा, सगळ्या काचेवर, आरपार दिसणारी, तिळाएवढीसुद्धा नव्हेत. मी लगेच तुम्हाला फोन लावला.

"बाई, मन राखायलीस न्हवं माझं?"

"न्हाई अप्पा, खरंच. अव्वाला विचारा."

अव्वानं फोन घेतला. "व्हय, हायत. मी बी बघितलं."

"तिनं शिकवलं तुला," तुम्ही म्हणालात. मग मला विचारलंत, "पाणी किती हाय?"

"पंचवीस."

"बघ. आकडा बी कसा बरोबर सांगायलीस." आणि तुम्ही हसलात. दिवाळीला येतो म्हणालात.

दिवाळीच्या आधी त्या इमारतीतून फोन आला. गेटवरच छातीत कळ आली होती. तुम्हाला घरी आणलं तेव्हा स्वयंपाकघरातही गर्दी मावावी म्हणून कुणीतरी ती टाकी आणून पुढच्या खोलीच्या खिडकीत ठेवली होती. तुम्ही खाली निजलेले आणि वर पाण्यात त्यांची तांबडी गर्दी. मोठी झाली होती पिल्लं. अव्वा तुमच्याकडं बघत होती, मी त्यांच्याकडं. तुम्हाला उठवून दाखवावं असं मला वाटत राहिलं, आणि लोक तुम्हाला उचलायची तयारी करत होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या दिवशी फोनवर मी आणखी हट्ट धरला असता तर तुम्ही मानलं असतंत. मी धरला नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून लेक खोटं बोलतेय, असं तुम्हाला वाटलं होतं, आणि अप्पा, तुम्हाला तसं वाटलं, माझा तुमच्यावरचा जीव तुम्हाला कळला, याचंच मला सुख झालं होतं.